वहीच्या पानाचा आकडा

आल्हादचं शहाणपण पंचवटीत अजून चहाबरोबर चघळतात. तो समोर असला तर जरा जास्तच चवीनं.

त्याचे काका शामसुंदर गुरुजी म्हणजे यात्रेकरूंचे उपाध्ये. त्यांच्या वहीत एका घराला एक पान. वर घरातल्यांच्या सह्या, खाली गेलेल्यांच्या तिथ्या. आल्हादनं ती वही कॉम्प्युटरवर चढवली. एका तक्त्यात यजमान नि त्यांचे मोबाइल, दुसऱ्यात दिवंगत नि तिथ्या.

"पानाचा आकडा दोन्हीकडे घेतलास ना रे?"

"काका, कॉम्प्युटरला पानं लागत नाहीत!"

पितृपक्ष तोंडावर आला तसे, घरोघरी मोबाइलवर श्राद्धाच्या तिथीची आठवण धाडायला त्यानं दोन्ही तक्ते जोडले. कोण कुणाचा हे सांगणारा धागाच गाळलेला, मग यंत्र बिचारं काय करणार? त्यानं प्रत्येक घराला प्रत्येक मेलेला चिकटवला. घरं साठ, दिवंगत ऐंशी. निरोप सुटले अठ्ठेचाळीसशे! आणि आमचे चिरंजीव खूश, काम किती झपाट्यानं झालं म्हणून.

दुसऱ्या सकाळी पिंपळगावचे यजमान धोंडीराम दारात. त्यांच्या नावाचा कुणी दुसराच कधीचा गेलेला, त्याची तिथी यांच्या घरी पोचलेली.

"गुरुजी, माझं श्राद्ध कवा हाय? म्हनलं, सोता हजर ऱ्हावं."

ओसरीवर हशा पिकला. आल्हादही हसला.

"हसा. मी कांदा घिऊन मार्केटात, फोन घरी. नातीनं निरोप वाचला. म्हातारीनं कुंकवाला हात घातला व्हता. शेजारीण म्हनली, थांब, खात्री कर. तर म्हनती कशी, गुरुजींच्या घरचा निरोप खोटा कसा आसंल?"

आल्हादचं हसू तिथंच वाळलं. आणि काका उठले. ज्यांच्या पायावर तीन तालुके डोकं ठेवतात, त्यांनी धोंडीरामांपुढे हात जोडले. "चूक माझ्या घरातून झाली."

आल्हादला वाटलं, यापेक्षा मुस्काटात दिली असती तर बरं होतं. मान वर होईना. "काका, तुमची नाही. तुम्ही सांगितलं होतंत. आकडा मीच गाळला," तो पुटपुटला. मग कपाटातून वही काढून त्यानं धोंडीरामांचं पान उघडलं.

म्हाताऱ्यानं आपली जुनी सही शोधली, खाली नवी केली, शेजारी आजची तारीख घातली.

"घे. आता यो पानाचा आकडा दोन्हीकडं लिव्ह. माझ्यासमोर."

आल्हादनं दोन्ही तक्त्यांत लिहिला. मग पुढचं पान उलटलं. एकोणसाठ घरं उरली होती, आणि प्रत्येक घरी फोन त्यालाच करायचा होता.