इवू म्हणजे माती

तुळशीची कुंडी बदलताना ओल्या मातीचा वास आला, की मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं ते अपार्टमेंट आठवतं. माझा रूममेट झिम्बाब्वेचा होता. खिडकीतून जे दिसेल त्याचं शोना भाषेतलं नाव तो मला शिकवायचा. डोंगर म्हणजे गोमो, झाड म्हणजे मुती, माती म्हणजे इवू. एका जानेवारीत त्याची आई गेल्याचा फोन आला. तो पोचेपर्यंत दफन होऊन गेलं असतं. "आमच्यात कबरीत सगळे मूठ-मूठ माती टाकतात. मी इथे तिच्या फोटोपुढे टाकतो," असं म्हणून त्याने माझ्या तुळशीच्या कुंडीकडे हात नेला. बाहेर गुडघाभर स्नो होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, सुतकात तुळशीला हात लावत नाहीत." त्याने हात मागे घेतला, "सॉरी" म्हणाला आणि चमचा घेऊन खाली गेला. मी वरून बघत राहिलो. तो बराच वेळ उकरत होता, पण जमीन दगडासारखी गोठलेली. परत आला तेव्हा त्याच्या मुठीतून नुसतं पाणी गळत होतं. बाकीचे शब्द आता बहुतेक विसरलो. ती तुळस त्याच महिन्यात थंडीने जळाली, आणि कुंडीतली सगळी इवू मी कचऱ्यात ओतली.