एलूसाठी सोडलेली जागा

समोरचा माणूस बोलता बोलता अडला की गुणवंतभाऊंचे ओठ हलायचे.

ते खोकत नसत. गालात एक लवंग कायम असायची.

कुठेही गेले तरी डावीकडची जागा धरायचे. लग्नाच्या मांडवात, बसमध्ये, पाहुण्यांच्या घरीसुद्धा.

दुकानाची पाटी पुटपुटत वाचायचे, आणि पूर्ण वाचायचे. मालकाच्या नावासकट.

ग्रामसभेत सरपंच अडखळले की मागच्या रांगेतून पुढचा शब्द यायचा. सरपंच तो उचलायचे आणि पुढे जायचे. त्यात कोणाला काही वेगळं वाटत नसे.

गुणवंतभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. धान निघालं की आमच्याकडे गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ नसतो. मग डाव्या विंगेच्या आड बसलेला प्रॉम्प्टर अख्खं नाटक वाचतो आणि नट त्याच्यामागून बोलतात. प्रेक्षकांना तो दिसत नाही. नटांना मात्र त्याच्याशिवाय काही दिसत नाही, असं भाऊ म्हणायचे.

त्यांचं घर नागभीडजवळच्या आमच्या गावात, आमच्या घराला लागून. मी इंग्रजी साहित्य घेऊन बीए केलं आणि घरीच शिकवण्या सुरू केल्या. एका दुपारी भाऊ आले आणि मुलांच्या मागे, डावीकडे बसले. मुलं गेल्यावर म्हणाले, "संघप्रिया, मले इंग्रजी आयकाले शिकव."

"बोलाले नाई?"

"बोलन मी कसाबी. आयकू येत नाई."

त्यांची मुलगी दिव्यानीताई आयर्लंडला नर्स आहे. नवरा केरळचा, तोही तिथेच नर्स. घरात दोघांची मिळून एकच भाषा, इंग्रजी. त्यांची मुलगी एलिना साडेचार वर्षांची. भाऊ तिला एलू म्हणायचे. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. एलू भरभर काहीतरी सांगायची. भाऊ मान हलवायचे आणि "व्हेरी गुड" म्हणायचे. एकदा ती रडत होती, तेव्हाही ते व्हेरी गुड म्हणाले. पडून खरचटलेला गुडघा दाखवत होती ती.

"तवापासून मले झोप नाई वो," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. दिव्यानीताईकडून एलूचे संवाद आधीच मागवून घ्यायचे. शाळेत काय झालं, मांजरीचं नाव काय, जेवली का. ताईने सगळं मराठी अक्षरांत लिहून पाठवलं. भाऊंनी ते कागद नाटकाच्या वहीसारखे शिवून घेतले आणि रविवारी मांडीवर घेऊन बसले. एलू बोलायला लागली. एका शब्दापाशी थांबली, जशी लहान मुलं थांबतात. भाऊंनी लगेच पुढचा शब्द दिला. ती गोंधळली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. भाऊंनी पुन्हा शब्द दिला. जोरात, स्टेजच्या पलीकडच्या टोकाच्या नटाला द्यावा तसा.

तिला भलतंच काहीतरी सांगायचं होतं.

"पोट्टीनं सगळे संवाद चुकवले," भाऊ मला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

पुढच्या रविवारी एलू फोनवर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मागून तिचा आवाज यायचा, पण ती यायची नाही. शेवटी दिव्यानीताईने सांगितलं, "बाबा, ती म्हणते आजोबा माझे शब्द घेऊन टाकतात."

रुखमाबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मायाबी घेतात. लग्न झाल्यापासून."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी तो कागदांचा गठ्ठा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

आम्ही ताईने पाठवलेल्या छोट्या व्हिडिओंपासून सुरुवात केली. एलू आंघोळीला जात नाही. एलू चित्र काढते. कागद नाही, पेन नाही, नुसतं ऐकायचं. एकदा ऐकलं की मी विचारायची, काय म्हणाली?

"कुठी अडकली ते सांगू?"

"सांगा."

त्यांनी सगळ्या जागा बरोबर सांगितल्या. इथे श्वास कमी पडला, इथे शब्द सापडला नाही, इथे आईकडे पाहिलं. मग मी विचारलं, "आणि म्हणाली काय?"

"ते नाई समजलं."

मी कॉलेजात ऐकण्याबद्दल बरंच वाचलं होतं. असा ऐकणारा माणूस कुठल्या पुस्तकात आला नव्हता. त्यांचा कान सगळा पोकळ जागांकडे लागलेला असायचा. दोन जागांच्या मधे जे बोललं जात होतं, ते नटाचं काम. ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तेवढ्या वेळात त्यांचे डोळे पुढच्या ओळीवर गेलेले असायचे.

"भाऊ, तुमी पुढचं आयकून राह्यले. आताचं आयका."

"आताचं आयकलं तं पुढचं कोन देईन?"

"कोनीच नाई. तिचं तिले सापडन."

हे त्यांना पटायला वेळ लागला. ओठ तर ऐकतच नव्हते. मग त्यांनी गालातली लवंग पुढच्या दातांत धरायला सुरुवात केली. ओठ हलले की लवंग पडायची. पहिल्या दिवशी माझ्या ओसरीवर लवंगाच लवंगा झाल्या. आई झाडताना म्हणाली, "मसालेभात करतं का काय वो इथी?"

हळूहळू शब्द लागायला लागले. आधी मोठे, ठसठशीत. मग त्यांच्यामधले बारके. एकच व्हिडिओ ते कितीदातरी ऐकायचे, पण दर वेळी वेगळ्या कामासाठी. एकदा नुसत्या वस्तूंची नावं. एकदा नुसतं काय घडलं ते. एकदा डोळे मिटून. ही पद्धत माझी नव्हती, त्यांनीच बसवली. मी फक्त अर्थ सांगायची, तोही त्यांनी विचारला तरच.

मधेच सीझन सुरू झाला. एका सकाळी लच्छू तणतणत आला. लच्छू नाटकात खलनायक करतो. मिशी अजून पुसलेली नव्हती.

"गुणवंतभाऊ, झोपले होते का राजेहो? काल रात्री नाटकात मी पंचायतीसमोर उभा, तोंड उघडं, अन् तुमी मायाकडं नुसते पाहून राह्यले!"

"मले वाटलं तू इचार करून राह्यला."

"इचार? मी? मी पंधरा वर्सांत कधी इचार केला का स्टेजवर?"

"म्हनून तं मी थांबलो. म्हटलं, आज करून राह्यला तं करू द्या."

"अन् लोक टाळ्या वाजवून राह्यले! म्हनते, काय नजर होती लच्छूची!" बोलता बोलता लच्छूचा राग उतरत गेला. "पुन्हा तसं करू नोका. अन् केलं तं आधी सांगा."

पौषात एका रविवारी एलू फोनवर आली. दिव्यानीताईने तिला कसं मनवलं, माहीत नाही. भाऊंनी मला बोलावून घेतलं होतं, पण दूर बसवलं. "मदत करू नोको," म्हणाले. लवंग दातांत धरली.

एलू आधी काही बोललीच नाही. मग पावसाबद्दल काहीतरी सांगायला लागली. बुटाबद्दल. आणि अडकली. तिच्या तोंडाशी शब्द येत नव्हता. मला तो सुचला होता. मी गप्प राहिले. भाऊ गप्प राहिले. इतका वेळ की दिव्यानीताई पडद्यावर डोकावली. "बाबा, आवाज येते ना? नेटवर्क गेलं का?"

भाऊंनी बोट वर केलं. थांब.

आणि एलूला तो शब्द सापडला. बुटात गोगलगाय होती. मग ती जी सुटली. गोगलगाय शाळेत आली, बाईंनी तिला खिडकीत ठेवलं, शुक्रवारी ती पळून गेली. भाऊंना सगळं नाही कळलं. बूट कळला, खिडकी कळली, शुक्रवार कळला. त्यांनी लवंग काढली आणि विचारलं, "व्हेअर शी गो?"

एलूने दोन्ही हात वर केले. तिलाही माहीत नव्हतं. दोघं त्यावर बराच वेळ हसले.

त्यानंतर रविवारी ती स्वतःच फोन लावायला सांगायची.

मग भाऊंनी नाटक काढलं. दोन पात्रं, आजोबा आणि एलू. आजोबांचे संवाद फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचे. एलूचे संवाद रिकामे ठेवायचे. तिने तिथे बोलायचं, काय वाटेल ते. मार्चमध्ये तिचा वाढदिवस होता, तोवर पूर्ण करायचं होतं. मी म्हटलं, मी लिहून देते. ते म्हणाले, "लेखी नाई. लेखी केलं का मी तिचंबी बोलून टाकीन."

इंग्रजी वाक्य अडलं तर विचारायला यायचे. गोष्ट काय आहे, पुढे काय होणार, मला कधी सांगितलं नाही. दुपारी गुरांच्या कोठ्यात बसून एकटेच रेकॉर्ड करायचे.

माघात एका सकाळी ते लाखोळीचं पीक पाहायला धानाच्या बांधीत गेले. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. शेजारच्या बांधीतल्या गुणाबाईंना वाटलं, विसावा घेत आहेत. बोलवायला गेल्या तेव्हा ते गेलेले होते. चेहरा शांत होता म्हणतात. मी पाहिला, पण मला आठवत नाही. मला त्या दिवसाचा फक्त लच्छू आठवतो. तो दारात उभा होता आणि त्याला एकही वाक्य येत नव्हतं.

दिव्यानीताई येऊन गेली. जाताना भाऊंचा फोन माझ्याकडे दिला. नाटकाचे तुकडे लावून पाठव म्हणाली. एलू विचारते आहे.

रुखमाबाई आणि मी कोठ्याशेजारी बसून ते ऐकले. भाऊंचा आवाज हळू होता, प्रॉम्प्टरचा नव्हताच. एक म्हातारा जंगलाजवळ एकटा राहतो. त्याच्या घराला एकच दार. तो एलूला विचारतो, दार कोणत्या रंगाचं? आणि जागा सोडतो. विचारतो, आज जेवायला काय करू? आणि जागा सोडतो. त्या जागांमध्ये आमचं गाव आहे. गाईची घंटा आहे, कोणाची तरी मोटरसायकल आहे. प्रत्येक जागा वेगळ्या लांबीची. जेवणाच्या प्रश्नाला थोडी. रंगाच्या प्रश्नाला बरीच. एलू रंग निवडायला वेळ लावते, हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या तुकड्यात दार वाजतं. भाऊंनी गव्हाणीच्या लाकडावर टकटक केलं असावं. मग ते म्हणतात, "एलू, समबडी इज ॲट द डोअर. हू इज इट?"

आणि थांबतात.

कोंबडी ओरडते. लांबून रुखमाबाईंची हाक येते, "अवो, चहा झाला." ते ओ देत नाहीत. पुन्हा हाक येते, जवळून. तरी ओ देत नाहीत. त्यांचा श्वास ऐकू येतो. जागा बरीच लांब आहे, सगळ्यांत लांब. तिथेच रेकॉर्डिंग संपतं.

"अन् मंग? कोन आलं?" रुखमाबाईंनी मला विचारलं.

पुढचा तुकडा नव्हता. माळ्यावर, कोठ्यात, कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

मी तुकडे लावले. शेवटच्या जागेतला एकही सेकंद कापला नाही. रुखमाबाईंची हाकही राहू दिली. रविवारी संध्याकाळी ते एलूला तसंच पाठवलं, दारापर्यंत.