पूजेतलं टेबल

मुलुंडच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात साहेबांनी टचस्क्रीनचं एक मोठं टेबल आणलं. सगळ्यांनी भोवती उभं राहून एकाच नकाशावर काम करायचं म्हणे. झकास! मी स्वयंपाकघर बघायला नकाशा माझ्याकडे वळवला, की समोरची मैत्रीण ओरडायची, "अरे, माझा जिना उलटा झाला ना!" कोणाचं कोपर टेकलं, की भिंत सरकायची. वर चहाचा कप ठेवायलाही बंदी. चहाशिवाय आमच्याकडे कुठली इमारत उभी राहिलीय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसची पूजा होती. साहेबांनी त्या चालू स्क्रीनवरच झेंडू वाहिले आणि मधोमध नारळ ठेवला. टेबलाला ती बोटंच वाटली. नकाशातला आख्खा मजला स्क्रीनवर गरगरायला लागला. नारळ उचलायला गेलो, तर साहेब खेकसले, "पूजा उद्यापर्यंत हलवायची नाही!"

नकाशा तर संध्याकाळी द्यायचा होता. शेवटी वैतागून मी आधीची प्रिंट जमिनीवर पसरली. पेन्सिली घेऊन सगळे भोवती बसलो आणि तासाभरात जिना, स्वयंपाकघर, सगळं जागेवर आलं.

साहेबही मांडी घालून बसले होते. चहाचा कप नकाशावर ठेवत म्हणाले, "बघा, टेबल आणल्यापासून तुम्हाला एकत्र काम करायची सवय लागली!"