लाल ताऱ्याकडे टक लावू नये

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी एका माणसाचा हेवा करत होतो. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण हेवा त्यांच्या डोळ्यांचा होता, आणि वेळ आली तेव्हा मी नेमका तिथेच घाव घातला.

ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे आर्वीकडच्या रोहण्याचे. तारा बघायची त्यांची एक ढब होती. मान वर करून एक नजर टाकायची आणि लगेच दुसरीकडे बघायचं, जणू कोणाच्या घरात चुकून डोकावले. पुन्हा एक नजर, पुन्हा मान खाली. मी शेजारी टक लावून उभा असायचो. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "टक लावू नका सर. लाल तारा हाय, पाहत राह्यलं का फुगते."

ते खरंच आहे. लाल ताऱ्याकडे पाहत राहिलं की तो उगाच अधिक तेजस्वी वाटू लागतो. गंमत अशी, की हा नियम मीच त्यांना वाचून दाखवला होता.

आकाश बघणारं मंडळ माझं. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. सिंदी मेघेला शाळेच्या गच्चीवर संध्याकाळी पाचदहा जण जमवायचो. आम्ही रूपविकारी तारे बघायचो, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे. जवळच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून तेजाचा अंदाज करायचा. शिस्त एकच: प्रत्येकाने आधी मनाशी ठरवायचं, मग वयाने मोठा असेल त्याने पहिल्यांदा बोलायचं. दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलायचं नाही. या छंदात तेवढं एकच पाप आहे.

त्यांना मीच आणलं, आणि वर्षभरात मंडळ त्यांचं झालं. मी फळाभर समीकरणं लिहून हे म्हातारे तारे का स्पंदन पावतात ते सांगायचो. पोरं जांभया द्यायची. ते खडू न उचलता सांगायचे, "तारा दम घेते. फुगला का वरची वाफ दूर जाते, थंड होते, तिची काजळी धरते. मंग त्याचाच उजेड त्या काजळीले ढकलत नेते, अन् संगं वाफही जाते. जिनिंगात रुई उडते नाई का, तसं. हाच त्या ताऱ्याचा वारा." आमच्याकडच्या पोरांनी कापसाचं जिनिंग पाहिलेलं. ती हसायची आणि त्यांना ते कायमचं कळायचं. उतरताना पोरं "ड्रॉइंग सर, ड्रॉइंग सर" करत त्यांच्या मागे. माझ्यामागे गच्चीचं कुलूप.

एकदा जिन्यात ते म्हणाले होते, त्यांच्या वडिलांची नजर उतारवयात गेली, शेवटी शेताचा धुरा, म्हणजे बांधही सापडेना, लोक हात धरून वावरातून घरी आणायचे. "मले बाकी कशाचं भेव नाई सर. रंग दिसाले पाहिजे." हे मला माहीत होतं. ते माहीत असताना मी केलं.

ज्या हिवाळ्यात मृगातला लाल तारा काक्षी मंदावला, तेव्हाची संध्याकाळ. काक्षी नेहमी रोहिणीपेक्षा ठसठशीत दिसतो. त्या दिवशी मीही एकच नजर टाकली, त्यांच्यासारखी. काक्षी रोहिणीहून फिका होता. मी मनाशी तसं ठरवलंही. मग वयाने मोठे म्हणून ते पहिले बोलले, "आज काक्षी रोहिणीच्या खाली गेला. नक्की." सगळी पोरं त्यांच्याकडे वळली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मला नेहमीसारखाच दिसतो. सर, एकदा डोळे तपासून घ्या."

कोणी हसलं. ते हसले नाहीत.

त्यांनी डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. मी म्हटलं, चला, बरं झालं. ते म्हणाले, "बापालेही पहिले असंच सांगतलं होतं." अंधार पडल्यावर त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. मग गच्चीवर येणंही.

पुढे पेपरात बातमी आली, की काक्षी मंदावलाय. त्याने काजळी बाहेर टाकली आणि ती आपल्या आड आली, असं नंतर तज्ज्ञ म्हणू लागले. शाळेने माझं व्याख्यान ठेवलं, शाल दिली. ते शेवटच्या रांगेत बसले होते. प्रश्नांच्या वेळी उभे राहिले.

"सर, मंग त्या दिवशी मले फिका दिसला, तो?"

आवाजात आशा होती. एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "तेव्हा नव्हता झाला. नंतर झाला."

"हो का," ते म्हणाले. "मंग डोयेच." आणि बसले. शेवटी टाळ्याही वाजवल्या.

निवृत्त होऊन ते रोहण्याला गेले. जाण्याआधी कपाटातले जलरंग शाळेला देऊन टाकले. फोन येतो अधूनमधून. "संत्रा लागून राह्यला सर, या ना." आकाशाचं विचारलं तर म्हणतात, "तुम्ही पाहा. मायं पाह्यलेलं काय कामाचं?" त्यांना आजही सगळं स्वच्छ दिसतं. फक्त त्यावर त्यांचा विश्वास नाही.

काक्षी पुन्हा उजळला. मी अजून गच्चीवर जातो, आणि अजून टकच लावतो. आर्वीच्या गाडीत एकदा बसलोही होतो. मधेच उतरून परत आलो.

हे छापून आलं तरी काही फिटत नाही. रोहण्याला जाऊन, त्यांच्यासमोर बसून एक वाक्य तोंडाने बोलायचं आहे: त्या संध्याकाळी मलाही तो फिकाच दिसला होता. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.