आबांच्या हाताची रेघ

सरांनी माझ्या बापाला, आबांना फसवलं, आणि तो सौदा मी जमवून दिला होता. आमच्या पिशोर गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं तिथून निघून आलेल्यांना हे आधीच सांगून टाकतो.

आबा पिशोर सोडून निघाले ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडलेला. मेंढरं आदल्या दिवशीच माझ्या चुलतभावाच्या कळपात सोडली होती. जीपमध्ये बसल्यावर आबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि आजारी कोकरू ठेवावं तसा मांडीवर ठेवला. म्हणाले, "हात चालू झाला की माघारी आणून सोडशील ना?"

"आबा, माझा शब्द हाय."

चुलतभाऊ बाहेरून ओरडला, "काका, शहरात मेंढरागत कुणाच्याबी मागं जाऊ नका!" आबा हसले. अर्ध्याच तोंडानं.

मी स्वतः वीस वर्षांपूर्वी निघालो, तेव्हा सोडायला कुणी आलं नव्हतं. वाळूजच्या कारखान्यात रबराच्या सीलचे साचे घासले, मालकाशी भांडलो, दुसरा मालक धरला, त्याच्याशीही भांडलो, शेवटी स्वतःचं मशीन टाकलं. आता शहरात, पुंडलिकनगरात घर आहे, मागच्या शेडमध्ये सिलिकॉनचे साचे ओततो. मला बघितलं की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी आधीच टोपलीखाली सारते. असा मी.

हे सर कॉलेजात संशोधन करायचे. बोटांच्या पेराएवढे साचे करून घ्यायला ते माझ्याकडं आले. त्यात ते जेल ओतायचे, शहाळ्यातल्या मलईसारखं नरम, पाणी धरून ठेवणारं. नुसतं ते जेल ताणलं की फाटतं. म्हणून त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या मिसळायच्या. त्यानं पट्टीला बळ येतं आणि तिच्यातून वीजही वाहते. पट्टी जराशी दाबली, वाकवली की वीज कमी-जास्त होते आणि मोबाईलवर रेघ हलते. अशा पाच पट्ट्या लावलेला हातमोजा त्यांनी केला होता.

डॉक्टरांनी आबांना रोज बोटं हलवायला सांगितली होती. आबा म्हणायचे, "हालतच नाय, काय हालवू?" मोजा मात्र डोळ्याला न दिसणारी हालचालही दाखवत होता. सरांना मोजा तपासायला लुळे पडलेले हात हवे होते आणि माझ्याकडं हात होता. म्हणूनच मी आबांना आणलं.

सौदा माझ्या बाहेरच्या खोलीत झाला. आमच्या बाजारात मेंढराचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, समोरच्यानं उलट दाबली की झालं. आबांनी जन्मभर तसंच केलं. मी मोठ्यानं म्हणालो, "सहा महिने आबा रोज हात देतील. काम संपलं की मोजा आबांचा." आबांनी डाव्या हातानं उपरणं सरांच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबली.

"अरे वा, काका, काय सुंदर पद्धत आहे!" म्हणत सरांनीही हसत हसत दाबली.

मग त्यांनी चार पानांचा इंग्रजी कागद काढला. कुरियरच्या पावतीची मागची बाजूसुद्धा वाचणारा मी, तो कागद वाचला नाही. हात दाबून झाल्यावर कागद तपासणं म्हणजे आमच्यात समोरच्याच्या थोबाडीत मारणं. आबांचा डावा अंगठा मीच धरून टेकवला.

पहिल्या महिन्यात रेघ नुसती थरथरायची. मग एक दिवस उसळली. आबा माझ्या बायकोला ओरडले, "सूनबाई, चहा राहू दे, हिकडं ये आधी! बघ, मेंढीपेक्षा शहाणी हाय, बोलावलं की येती!" पाचव्या महिन्यात आबांनी अंगठा आणि बोट यांत सदऱ्याचं बटण धरलं. चुलतभावाला फोन करून सांगितलं, "कळप मोजून ठेव, मी येतोय."

सहा महिने भरले. सर आले, म्हणाले, "जरा सेटिंग करून आणतो." मोजा घेऊन गेले ते गेलेच. पुष्कळ फोन केल्यावर एकदा उचलला. "भाऊ, प्रोजेक्ट बंद झालं. मोजा संस्थेचा असतो. तुम्ही वाचूनच अंगठा दिलात ना?"

मी कॉलेजच्या गेटवर जाऊन आरडाओरडा केला. गंगापूरकडचा वॉचमन होता, शांतपणे म्हणाला, "काका, ते सर तर परदेशात गेले. मी आवाज कुणाला देऊ, तुम्हीच सांगा." मग त्यालाच दया आली असावी, त्यानं आत सोडलं. भिंतीवर मोठं पोस्टर. त्यावर आबांचा हात, खाली त्यांच्या पाच बोटांच्या पाच रेघा. नाव नाही, नुसता नंबर. कारकून म्हणाला, "मोजा कपाटात आहे, पण पट्ट्या वाळून गेल्यात. आणि जमा झालेली वस्तू बाहेर देता येत नाही." ज्यांच्या सहीनं देता येईल त्यांची बदली झालेली, नवे अजून यायचे.

मी स्वतःच पट्ट्या करून बघितल्या. जिलेटिन आणलं, कार्बनची पूड आणली, शेडमध्ये आठवडाभर ओतत बसलो. काळा चिकट गोळा झाला. वाकवला की तडकायचा. रेघ आली नाही. आयुष्यात मला न जमलेलं असं फार नाही, हे जमलं नाही.

आबांनी बोटं हलवणं सोडलंय. "दिसतच नाय, तर हालतंय का नाय कुणाला ठावं?" बोटं पुन्हा आत वळायला लागली आहेत. पिशोरात त्यांचं घर बंद आहे, आणि इथं ते पाहुण्यासारखे खाटेच्या कडेला बसतात, कधीही उठून निघायचंय असे. मलाही आता घर म्हटलं की दोन्हीपैकी एकही जागा आठवत नाही. आठवतो तो आबांचा रोज सकाळचा प्रश्न, "आज येणार का रं सर?" आणि मी सांगतो, उद्या.

मोजा द्या म्हणून मी आता भांडत नाही. सर, जिथं असाल तिथून एक फोन लावा, माझ्याशी बोलू नका, 'आबांना फोन द्या' म्हणा, आणि मोजा येणार नाही हे तुमच्या तोंडानं त्यांना सांगा. माझ्यानं ते होत नाही. तुम्हाला जमत नसेल तर ज्यांनी कपाटाला कुलूप लावलं त्यांनी येऊन सांगावं. पण कुणीतरी या, आणि त्या माणसाला उत्तर द्या.