कुसाबाईचा उलटा व्हॉल्व

देवळाली कॅम्पाच्या पलीकडे, तोफांच्या सरावाने जिथे फळीवरची भांडी थरथरतात, त्या पळसवाडीत एकवेळ सूर्य उशिरा उगवेल, पण कुसाबाईचं पाणी उशिरा यायचं नाही. नवरा पुंजाराम पंचायतीचा पाणी सोडणारा. तो गेला आणि त्याची लांब लोखंडी चावी कुसाबाईच्या खांद्यावर आली. तेव्हापासून बावीस वर्षं ही बाई पहाटे गल्लीगल्लीतले व्हॉल्व फिरवत आली. फिरवून झालं की ती एक अजब गोष्ट करायची. चावीचं एक टोक व्हॉल्वला टेकवायची, दुसरं कानाला लावायची, डोळे मिटायची. तोफ धडाडली की थांबायची, पुन्हा कान द्यायची. मग म्हणायची, "पारापाशी पोचलं." पारापाशी जाऊन पाहावं, तर नळाला नुकतीच धार लागलेली! गावातली भलभलती टवाळ तोंडंसुद्धा तिथं मिटायची.

अशा बाईनं साठीला आल्यावर पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहावं? गावाला चघळायला सुपारी मिळाली. कुणी म्हणालं, म्हातारीला खुर्चीची हौस. खरं कारण होतं खालच्या आळीचा कुजलेला पाइप. दर ग्रामसभेत कुसाबाई उठून त्याबद्दल बोलायची आणि दर ग्रामसभेत उत्तर यायचं, "बघू." शेवटी तिनं ठरवलं, आता 'बघू' म्हणणाऱ्यांच्या रांगेतच जाऊन बसायचं.

पण मेख अशी, की पंचायतीचा पगार घेणाऱ्याला उभं राहता येत नाही. कुसाबाईनं चावी ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवली आणि अर्ज भरला. हरली तर खुर्चीही नाही, चावीही नाही. ना शेत, ना पेन्शन.

समोर उभे गोरक्ष आप्पा. द्राक्षबागायतदार, दोनदा निवडून आलेले, 'बघू'चे मूळ मालक. चिन्हांच्या यादीत नळ होता. कुसाबाईनं तोच मागितला, पण आप्पांचा अर्ज आधी पडलेला. नळ आप्पांना गेला आणि हिच्या वाट्याला आलं कपाट.

"माझ्या घरात नुसती फळी हाय," ती शेजारणीला, मैनाला म्हणाली. "कपाटाला मत द्या म्हणू तरी कोणत्या तोंडानं?"

चावी गेली आप्पांच्या मेहुण्याकडे. हे शेखरराव नाशिक रोडला फ्लॅटमध्ये पाणी शुद्ध करायची मशीनं बसवायचे. मतदानाला पाच दिवस राहिले आणि वरच्या आळीचं पाणी गेलं. वरची आळी म्हणजे आप्पांची हक्काची मतं. दोन दिवस टिपूस नाही. भिंतीवर आप्पांचा हसरा फोटो, त्याखाली छापलेला नळ, आणि त्याखाली खरा नळ, खडखडीत कोरडा.

मैना नाचतच आली. "आत्या, देव पावला! आता घरातच बस. पाच दिवस तहानले की आपसूक कपाट उघडतील."

कुसाबाईला रोग ठाऊक होता. आप्पांच्या दारासमोरचा व्हॉल्व पुंजारामनं घाईत कुठून तरी जुना आणून बसवला होता, उलट्या आट्यांचा. बाकी सगळे डावीकडे उघडतात, तो एकटा उजवीकडे. नवऱ्याची ही चूक तिनं कधी कुणाला कळू दिली नव्हती. तिनं तो कायम उघडाच ठेवलेला; मतदान जवळ आलं तसे, आळीला जास्त पाणी मिळावं म्हणून शेखरराव रोज पहाटे तो आणखी उघडत होते, म्हणजे रोज आणखी घट्ट आवळत होते. आणि ही चूक एवढाच आता तिच्याकडचा हुकमी पत्ता होता. हरलो तरी याच्यासाठी गाव पुन्हा आपल्यालाच बोलावील, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या सकाळी खालच्या आळीच्या हापशावर आप्पांची ऐंशी वर्षांची आई, नवसाबाई, कळशी घेऊन उभी.

"काय गं कपाट," म्हातारीनं कुसाबाईला पाहताच हाक मारली, "उभी काय ऱ्हायलीस? दांडा मार की! दोन दिवस अंघोळ नाय मला."

कुसाबाईनं हापसून कळशी भरली, उचलून स्वतःच्या कमरेवर घेतली आणि म्हातारीमागोमाग थेट वरच्या आळीत गेली. शेखरराव दोन्ही हातांनी चावीला लटकलेले.

"भाऊ, दुसऱ्या अंगाला फिरवा."

"बाई, बारा वर्षं हेच करतोय मी."

"करता ना. मग एकडाव उलटं करा."

शेखररावांनी फिरवलं. काहीच नाही. कुसाबाईनं चावीला कान लावला. तोफ धडाडली. ती थांबली. आळी थांबली.

"आलं," ती म्हणाली आणि चावी शेखररावांच्या कानाला लावली. त्या भल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लोखंडातून पाणी चालल्याचं त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"बसवला कुणी हा असला?"

"आमच्या यांनी," कुसाबाई म्हणाली आणि पदर सावरला. मग तिनं त्याला गावातले सतराच्या सतरा व्हॉल्व दाखवले, एकेकाच्या खोडीसकट.

मैनानं कपाळावर हात मारला. "आत्या, होतं नव्हतं ते सगळं देऊन बसलीस!"

"म्हातारी हापशावर आली होती गं," कुसाबाई म्हणाली. "धरणात पाणी असताना."

कुसाबाई सहा मतांनी निवडून आली. आप्पांच्या घरात मतं नऊ. त्यांनी आईला खोदून खोदून विचारलं. "मला मेलीला दिसतंय का?" नवसाबाई म्हणाली. "हाताला लागलं ते बटण दाबलं." ही म्हातारी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

पहिल्याच सभेत कुसाबाईनं पाइपचा विषय काढला. सवयीनं कुणीतरी "बघू" म्हणालं, आणि तिच्याकडे पाहून जीभ चावली. उन्हाळ्यात नवा पाइप पडला. पाणी सोडायच्या दिवशी शेखररावांनी व्हॉल्व फिरवला आणि चावी मेंबरबाईंच्या हातात दिली. तिनं ती कानाला लावून डोळे मिटले. खालची आख्खी आळी, हंडे कमरेवर घेऊन, श्वास रोखून उभी राहिली. तोफाही चालू होत्या. पण ती डोळे उघडेपर्यंत त्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत.