वीस सेकंदांचं चुंबन

डेल्मर किट्रेजला जगाबद्दल आदर असा कधी नव्हताच. कॅन्ससच्या गहू पिकवणाऱ्या घरातला हा गडी नौदलात फोटोग्राफी शिकला आणि युद्धानंतर लॉस एंजेलिसला येऊन पिळदार पुरुषांचे फोटो टपालाने विकू लागला. कायद्याच्या धाकाने फोटोवर शाईची लंगोटी रंगवायची आणि गिऱ्हाइकाने घरी ती ओल्या बोळ्याने पुसायची, अशी रीत होती. "चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे हेच," डेल्मर म्हणे, "आणि शाई नीट निघत नाही म्हणून तक्रार करणारेही हेच."

१९६९ साली त्याने थिएटरात लावण्याजोगा, फक्त पुरुषांचा नागडा सिनेमा काढला. असल्या सिनेमात जे असतं ते सगळं त्यात होतं. शिवाय शेवटी दोन पुरुष स्वयंपाकघरात बशा विसळता विसळता एकमेकांचं चुंबन घेत होते. वीस सेकंद. सगळा खटाटोप त्याने त्या वीस सेकंदांसाठी केला होता.

लॅबोरेटरीच्या स्टेन्झलने फिल्म धुतली, पाहिली, आणि थिएटरसाठी प्रत काढायला नकार दिला.

"चुंबन तेवढं काप."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं चालेल रे, तो धंदा आहे. हे मात्र नवरा-बायकोसारखं वाटतं. शिसारी येते."

"तुझ्या शिसारीला विचारतो कोण?" म्हणत डेल्मरने डबा उचलला.

दुसरं कुणी काम घेईना. शुक्रवारी दुपारचा खेळ तर जाहीर झालेला. अखेर त्याने एकुलती एक मूळ फिल्मच प्रोजेक्टरवर चढवली.

थिएटर भरलं. मांडीवर कोट घेऊन बसलेले सगळे त्याच्यासारखेच, पुरुषांची ओढ असलेले पुरुष. चुंबन सुरू झालं आणि शिट्या पडल्या.

"अरे, पुढे घे! बशा काय बघायच्या?"

स्टेन्झल एकटाच गाढव आहे, असं डेल्मरला इतके दिवस वाटत होतं. तो तडक ऑपरेटरच्या खोलीत शिरला.

"ऑर्विल, शेवटचं रीळ पुन्हा लाव."

"येडा झालास? मूळ फिल्म आहे. फाटली तर संपलं सगळं."

"मग काय, या बैलांसाठी जपून ठेवू?"

ऑर्विलने शिव्या देत रीळ गुंडाळलं. दुसऱ्या खेपेला दोघांच्या चेहऱ्यांवरून एक पांढरी उभी रेघ सरकत गेली. ओरखडा पडला होता. डेल्मरने तो पाहिला, आणि सभागृहाचं दार सताड उघडलं.

"ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच चालू लागावं," तो ओरडला. "तिसऱ्यांदा लावतोय."